काटाशेठचं पारडं

तराजूवर माशी बसली तर काटाशेठ ती उडून जाईपर्यंत थांबायचे. हाकलायचेही नाहीत. हाकलली की पारडं हलतं, मग परत ते स्थिर व्हायची वाट बघा. त्यापेक्षा माशीलाच तिचा विचार करू द्यावा, असं त्यांचं मत. समोर गिऱ्हाईक घामाने निथळतंय, कारण तोलताना दुकानातला पंखासुद्धा बंद, आणि शिरपूरचा मे महिना म्हणजे काय ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. कोणी वैतागून म्हणालंच, "शेठ, माशीचं असं काय वजन असतं हो?" तर शांतपणे उत्तर यायचं, "असेल ते असेल. तिचे पैसे तुमच्याकडून का घेऊ?"

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतं? अख्खं गाव त्यांना काटाशेठ म्हणायचं. आजोबा-पणजोबा कधीतरी राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, नोकरदार माणसाशी मराठी असा तीन भाषांचा कारभार. माप मात्र एकच. कमी नाही, जास्तही नाही. बाकीचे दुकानदार साखर तोलून झाली की वर चिमूटभर टाकतात, पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. तसलं लाडाचं काही इथे नाही. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा एकदा म्हणाले, "शेठ, वर थोडी टाका की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? पोरांना पेपरात वर थोडे मार्क टाकता का?" मी टाकत होते, पण ते त्यांना कशाला सांगा. घरी येऊन ह्यांना म्हटलं, कसला कोरडा माणूस आहे हा. हे वीज मंडळात लाइनमन, गावातल्या प्रत्येक खांबावर चढलेले. ते हसले आणि म्हणाले, "कोरडा आहे, पण दुकान बदलू नकोस."

मला हा माणूस आवडला नव्हता, स्पष्टच सांगते. आवडायला माझी लेक यावी लागली.

लेक घाईची. दिवस भरायच्या खूप आधीच आली. धुळ्याच्या एका मुलांच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, पायाला पट्टी, आणि तिचा अख्खा पंजा माझ्या अंगठ्यावर मावेल एवढा. मी बाहेर बाकावर बसायची, दूध काढून द्यायची आणि काचेतून बघायची. शेवटी एक दिवस डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. मी रडायलाच लागले आनंदाने. ते म्हणाले, "पेटीतून काढली म्हणजे धोका संपला असं समजू नका. आता पेटी तुम्ही." मग एकेक करून बजावलं. छातीशी धरून ठेवायची, उघडी टाकायची नाही. दूध काढून बोंडल्याने थेंबथेंब पाजायचं. आंघोळ नाही, धुरी नाही, घरच्यांशिवाय कोणाचा हात नाही, घरच्यांचाही साबणाने धुतल्याशिवाय नाही, बघायला येणाऱ्यांची रांग तर मुळीच नाही. आणि दर आठवड्याला वजन. "वाढलं तर घरी. उतरलं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं. ही मुलं रडून सांगत नाहीत बाई, गुपचूप जातात." आजारी पोरांच्या गर्दीत वजनाला नेऊ नका, असंही वर सांगितलं. मी विचारलं, मग वजन करू कुठे? ते म्हणाले, "शेजारी किराणा दुकान नाही का? चालेल. फक्त काटा एकच ठेवा, आणि खरा ठेवा."

खरा काटा कोणाचा, हे शिरपुरात कोणाला विचारायची गरज नव्हती. अडचण घरात होती. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. नवस, अंगारे, गंडेदोरे सासऱ्यांनी त्यांच्या हयातीतच बंद केलेले. पण दृष्ट काही घर सोडून गेली नव्हती, ती आपली चुलीमागे दबा धरून बसलेली. सासूबाईंना आम्ही आई म्हणायचो. त्यांनी वजनाचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पोरले कोनी तोलस का? ती काय मिरची शे?" मूल तोललं, त्याचा आकडा चारचौघांत बोलला गेला, की ते तिथेच थांबतं, अशी त्यांची खात्री. ह्यांनी समजावलं, मी समजावलं. त्या बधल्या नाहीत.

मी तशीच काटाशेठकडे गेले. सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, आईंचं, आणि बोलता बोलता माझं रडूही सांगून झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या अक्कांना आकडा नकोय ना? नको तर नको. आकड्याशिवायही तोलता येतं." त्यांनी एक पांढरी कापडी पिशवी काढली, तिच्यात दादर भरली. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, टपोरी, स्वच्छ. "एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात ही पिशवी. बरोबरीची करून ठेवू. पुढच्या वेळी हीच पिशवी लावायची. बाळ वाढलं तर आपण पिशवीत दाणे टाकू. आकडा कोणी उच्चारायचाच नाही." घरी येऊन आईंना सांगितलं. त्या बराच वेळ विचार करत बसल्या. पिशवीला काही दृष्ट लागत नाही, असं शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं आणि माझ्याआधी चप्पल घालून तयार झाल्या.

त्या रविवारपासून आमचा नेम सुरू झाला. सकाळी ऊन ओट्यावर आलं की शेठ पितळेचं पारडं उन्हात ठेवायचे, गार पितळेवर बाळ कसं ठेवणार म्हणून. खाली सरकी काढलेल्या कापसाचा थर, त्यावर धुतलेलं धोतर. वारा येऊ नये म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मला त्यांनी एकाच मापाची दोन झबली, दोन टोपडी, दोन दुपटी शिवायला लावली होती. एक जोड बाळाच्या अंगावर, एक पिशवीच्या पारड्यात. "कपड्याला कपडा कटला पाहिजे," ते म्हणायचे. बाळ ठेवायचं मी, उचलायचं मी. ते दोन पावलं लांब, दांडीच्या मध्यावर नजर लावून उभे. मी सारखी लेकीच्या तोंडाकडे बघायची, तर म्हणायचे, "तिच्याकडे बघू नका, काट्याकडे बघा. बघून कोणाला कळत नाही. आईला तर मुळीच नाही."

काटा बाळाकडे झुकला की ते मूठभर दादर घ्यायचे आणि बोटांच्या फटीतून पिशवीत सोडायचे. मूठ सगळी रिकामी झाली तर तो आठवडा उत्तम. अर्धी परत पोत्यात गेली तर मी हिरमुसायची. "अहो, चढ ती चढ," ते म्हणायचे. "भाव थोडा चढला म्हणून कापूस विकणारा घरी जाऊन रडतो का?" आई पिशवी हातात घेऊन बघायच्या, आणि मग दिवसभर गल्लीत सांगत सुटायच्या की पिशवी जड होऊन राहिली. नातीचं नाव काढायच्या नाहीत. पिशवीचंच कौतुक.

एकदा एक मोठे गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत आले. पारड्यात बाळ बघून त्यांचा चेहरा आंबट झाला. कोणाचं बाळ तेही त्यांनी ओळखलं होतं, आमची वस्ती कोणती ते गावात सगळ्यांना ठाऊक. म्हणाले, "शेठ, ज्या पारड्यात आम्ही साखर घेतो, त्यातच हे?" मी लेकीला उचलायला पुढे झाले. शेठनी काट्यावरची नजर हलवली नाही. "तुमच्यासाठी दुसरा तराजू आहे ना मागे," ते म्हणाले. "तो जरा कमी भरतो. त्यावर देऊ का साखर? चालेल?" ते आल्या पावली बाहेर गेले. शेठनी दादरची मूठ उचलली आणि तोल पुरा केला. त्या दिवशी तो माणूस मला आवडायला लागला.

मग दिवाळीच्या आधीचा आठवडा आला. थंडी पडायला लागली होती. लेक एकाएकी शांत झाली. आधी चिरचिर करायची, ती आता तासन्‌तास झोपू लागली. दूध दोन-तीन घोट घेतले की डोळे मिटायची. मी ह्यांना कौतुकाने सांगत होते, बघा, कशी गुणी झाली पोर, पोट भरतंय आता. माझं मेलीचं कसं लक्ष गेलं नाही, कोण जाणे. आई मात्र गप्प होत्या. दुपटं बदलताना मांडीला हात लागतो ना, त्या हातांना कळलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

रविवारी दुकानात दिवाळीची झुंबड. ओट्यावर माणसं, रव्याची पोती सोडलेली, डालड्याचे डबे रचलेले. तरी शेठनी शटर अर्धं ओढलं. मी लेकीला पारड्यात ठेवलं आणि काटा झकास तिच्याकडे झुकला. इतका की मी हसलेच. शेठ हसले नाहीत. त्यांनी दादरची मूठ भरली होती, ती तशीच धरून उभे राहिले. पारड्यात तिला ठेवताना दुपट्यातलं काहीतरी पितळेच्या काठाला लागून ठणकन वाजलं होतं. माझ्या कानांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांच्या कानांनी सोडलं नाही.

ते आईंकडे वळले. अगदी हळू, बाहेरच्या माणसांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, "अक्का, चांदी तोलायचा काटा वेगळा असतो."

आईंनी पदर तोंडाला लावला. मी दुपटं उलगडलं, तर पायांपाशी आईंच्या हातातलं चांदीचं कडं. जाडजूड, त्यांच्या लग्नातलं. कधी काढलं हातातून, कधी गुंडाळलं, मला पत्ताच नाही. आई रडत सांगायला लागल्या, "मी काय करू शेठ? ते तिले परत काचनी पेटीमा ठेवतीन. तठे हात बी लावू देतस नही." वजन उतरलं की पोर परत पेटीत जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून त्यांनी पोरीचं वजन भरून काढलं, आपल्या अंगावरची चांदी घालून. त्यांना रागवायला माझी जीभ उचलली नाही.

कडं काढल्यावर पारडं वर गेलं. पिशवी खाली. काटाशेठनी मुठीतली दादर पोत्यात टाकली आणि पिशवीत हात घातला. दाणे काढायचे होते. त्यांनी थोडे काढले, काटा बघितला, परत थोडे काढले. काटा सरळ होईना. तिसऱ्यांदा हात घातला आणि तो तसाच आत राहिला. "बास," ते म्हणाले. "पुढचं धुळ्यात बघू. चला, उचला तिला, छातीशी धरा."

हे साक्रीकडे कामावर गेलेले. गल्लीतला एकुलता एक फोन शेठच्या दुकानात. त्यांनी दवाखान्यात कळवलं, ओळखीची जीप बोलावली आणि शटर खाली ओढून कुलूप लावलं. दिवाळीच्या तोंडावर, ओट्यावर गिऱ्हाइकं उभी असताना. कोणीतरी ओरडलं, शेठ, माझा रवा? ते म्हणाले, "आज नाही." आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मी मागे, लेक माझ्या पोलक्याच्या आत, वर आईंची शाल, आणि आई माझ्या पाठीशी. रस्ताभर कापसाच्या गाड्याच गाड्या. जीप कुठे जोरात जाईना. मी दर थोड्या वेळाने लेकीच्या नाकाशी बोट नेत होते.

वाटेतलं नरडाणा गाव मागे पडल्यावर शेठ मागे न बघता बोलायला लागले. "माझा पहिला मुलगा असाच आला होता. वेळेआधी. तेव्हा कुठली पेटी नि कुठलं काय. घरात पाच माणसं. सकाळी उठलं की प्रत्येक जण त्याला बघायचा आणि म्हणायचा, आज जरा भरल्यासारखा दिसतो. त्याच्या आईला बरं वाटावं म्हणून मी म्हणायचो, मला बरं वाटावं म्हणून ती म्हणायची. खाली दुकानात तराजू टांगलेला होता, बाई. गावाची साखर तोलत होतो मी. त्याला एकदाही नाही तोलला." एवढं बोलून ते थांबले. आईंनी मागून हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. धुळे येईपर्यंत तो हात तिथेच होता.

लेकीच्या छातीत कफ भरला होता, दूध ओढायची ताकद संपली होती. डॉक्टरांनी परत पेटीत ठेवलं, नळीने दूध सुरू केलं. आम्ही ती दिवाळी दवाखान्याच्या बाकावर काढली. शेठ संध्याकाळच्या गाडीने शिरपूरला परत गेले, पण रोज दवाखान्यात त्यांचा फोन यायचा. दुसरं काही विचारायचे नाहीत. "काय म्हणतो काटा?" एवढंच. पहिल्या दिवशी नर्स गोंधळली. नंतर तीच फोन उचलून सांगायला लागली, थांबलाय काका. आणि मग एका सकाळी, चढला काका. ही बातमी तिने मला द्यायच्या आधी त्यांना दिली.

घरी परत आलो, त्या रविवारी आईंनी लेकीला उचलायला मला हातसुद्धा लावू दिला नाही. स्वतः छातीशी धरून दुकानात गेल्या, स्वतः पारड्यात ठेवली. दोन्ही हात उघडे, मनगटं रिकामी. शेठ पिशवी उचलायला वाकले तर म्हणाल्या, "पिशवी ऱ्हाऊ द्या, शेठ. वजनं लावा. आते आकडा सांगा. बठ्ठास्ले, सगळा गावले ऐकू जाऊ द्या." शेठनी माझ्याकडे बघितलं. मग शटर पूर्ण वर ढकललं, लोखंडी वजनं लावली, काटा थांबेपर्यंत थांबले आणि भर बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या लेकीचं वजन सांगितलं. आई ताठ उभ्या होत्या. घरी आल्यावर मीठ-मोहरी ओवाळून टाकली ती वेगळी, ते सांगायला नकोच. तो आकडा त्या पुढे जन्मभर सांगत राहिल्या, पाहुण्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना.

लेक बसायला लागली, तराजूच्या साखळ्या ओढायला लागली, तेव्हा शेठनी रविवार बंद केला. "आता ही मलाच तोलायला निघाली," म्हणाले. पुढे ती शाळेत जाताना रोज त्यांच्या ओट्यावर थांबायची, शेठबाबा म्हणून हाक मारायची. ते आतूनच बोलायचे. काय शिकवलं, डबा संपवला का, विचारायचे. तिला वाटायचं, ते जरा तुसडे आहेत. इतर दुकानदार गाल ओढतात, उचलून फिरवतात, हे काउंटरच्या पलीकडून हलत नाहीत. मी म्हणायची, स्वभाव असतो एकेकाचा.

ती दुसरीत गेली त्या वर्षी शेठच्या धाकट्या मुलाने सुरतेला धंदा टाकला आणि वडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं. दुकान विकलं. निघायच्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याजवळ बसले, दोघं थोडा वेळ अहिराणीत बोलले. लेक दप्तर घेऊन दारात उभी होती. शेठनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. असं त्यांचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, घरच्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुम्हीच म्हणाला होतात मला, पहिल्या दिवशी. नंतर काही बोलला नाहीत." ते थांबले. "आता लावला तर चालेल का?"

मला क्षणभर कळलंच नाही ते काय विचारताहेत. कळलं तेव्हा मी मान हलवली, हो, हो म्हणून. शेठ म्हणाले, साबण कुठे आहे? मी मोरी दाखवली. त्यांनी बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, बोटांच्या बेचक्यासुद्धा, पंचाला नीट पुसले. मग बाहेर येऊन वाकले आणि माझ्या दुसरीतल्या लेकीला दप्तरासकट उचलून छातीशी धरलं.